मीटरपासून घरापर्यंतचा पाइप फुटला, पैसे कोणी द्यायचे?

प्रश्न असा आहे: भाड्याचं बैठं घर. पाण्याचं मीटर रस्त्याकडेला, तिथून पाइप शेजाऱ्यांच्या अंगणाखालून घराकडे येतो. या वेळचं बिल नेहमीच्या तिप्पट आलं. शेजाऱ्यांच्या अंगणातल्या फरशा ओल्या राहू लागल्या आणि एक खचली. पाणीपुरवठ्याचा माणूस येऊन म्हणाला, मीटरच्या पुढचं आमच्याकडे येत नाही. घरमालक म्हणतात, पाणी तुम्ही वापरता, तुम्हीच करून घ्या. शेजारी म्हणतात, आधी फरशांचं बोला, मग खणू देतो. तीन आठवडे झाले, पाणी जातंच आहे.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. गळती खरोखरच मीटरच्या पुढे आणि घराच्या अलीकडे असेल, आणि पाइप जुना होऊन सडला असेल, तर पाइपची दुरुस्ती, खोदकाम, फरशा पुन्हा बसवणं आणि खचलेल्या फरशीची भरपाई हे सगळं घरमालकांकडे जातं. जादा बिलात मात्र तुमचाही वाटा निघू शकतो. तो किती, हे तुम्ही घरमालकांना पहिल्यांदा कधी कळवलंत यावर ठरेल. यातला एक जरी ‘असेल’ खोटा निघाला तरी हिशेब बदलतो. 27 वर्षं नळकामाची कंत्राटं घेतोय. पैशांवरून पेटलेली जी भांडणं पाहिली, त्यांतल्या बहुतेकांत गळती नेमकी कुठे आहे हेच कुणी नीट तपासलेलं नव्हतं.

पण त्याच्याही आधी आज रात्रीपासून मीटरजवळचा कॉक बंद करायला लागा. सकाळी तासभर उघडा, पाणी भरून घ्या, पुन्हा बंद. 20 मीटर उंचीवरच्या टाकीचा दाब पाइपात असेल, तर 3 मिलिमीटरच्या भोकातून दिवसाला सुमारे 7,000 लिटर पाणी जातं. तुम्ही झोपलात तरी ते थांबत नाही. कॉक बंद ठेवण्यामागे पैशांचंही कारण आहे. गळती माहीत असूनही पाणी वाहू दिलं, तर नुकसानाचा हिशेब करताना समोरचा पहिला प्रश्न हाच विचारतो की कॉक तुमच्या हाताशी होता, मग बंद का केला नाही? दुसरं कारण आरोग्याचं. पुरवठा काही तासांचाच असेल तर पाणी गेल्यावर पाइपातला दाब उतरतो आणि त्याच भोकातून आजूबाजूचा चिखल आत ओढला जातो. दुरुस्ती होईपर्यंत प्यायचं पाणी उकळूनच घ्या.

आता तपासणी. घरातले सगळे नळ बंद करा, टाकीकडे जाणारा कॉकही बंद करा. पुरवठा ठरावीक वेळी येत असेल तर तो सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा, कारण सुरुवातीला पाइपातली हवासुद्धा मीटर फिरवते. मग मीटरचं झाकण उघडून आत बघा. आकड्यांच्या शेजारी नखाएवढी एक चकती किंवा चांदणी असते, बहुधा तांबडी. आकडे हलण्याआधी ती हलते. घरात कुठेच पाणी चालू नसताना ती सावकाश का होईना फिरत असेल, तर मीटरच्या पुढे कुठेतरी गळती आहे. आता घरात शिरतानाचा कॉक बंद करा. चकती थांबली तर गळती घरात आहे, अंगणात नाही. फिरतच राहिली तर ती मीटर आणि घर यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. अर्धा तास थांबून आकडे वहीत लिहा आणि मोबाइलवर तारीख-वेळेसकट फोटो काढा. काळे आकडे घनमीटरचे, म्हणजे शेवटचा काळा आकडा एकाने वाढला की 1,000 लिटर, तांबडे त्याखालचे.

ही तपासणी एकट्याने करू नका. घरमालक आणि शेजारी दोघांनाही बोलवा. चकती फिरताना तिघांनी एकत्र पाहिली की निम्मा वाद तिथेच मिटतो, कारण मग ‘तुमच्याच घरातला नळ गळत असेल’ असं म्हणायला जागा राहत नाही. आणि खरंच घरातलंच काही निघालं, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह अडकून पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून गटारात जात असेल, किंवा फ्लशच्या टाकीतलं रबर झिजलं असेल, तर तेही वेळीच कळतं. असली किरकोळ झीज साधारणपणे वापरणाऱ्यानेच दुरुस्त करायची असते. मी स्वतः दोनदा अंगण खणायला गेलेली माणसं थांबवली आहेत. दोन्ही वेळा पाणी फ्लशच्या टाकीतून जात होतं.

गळती पट्ट्यात आहे हे नक्की झालं की पुढचा प्रश्न, पाइप कोणाच्या मालकीचा? मुख्य जलवाहिनीला भोक पाडून जिथून जोडणी घेतात त्या ठिकाणी फेरूल नावाचा जोड बसवतात. तिथून घरापर्यंतच्या पाइपाला सर्व्हिस पाइप म्हणतात आणि कागदोपत्री त्याचे दोन तुकडे असतात. आयएस 2065 या भारतीय मानकात पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेच्या मालकीच्या तुकड्याला कम्युनिकेशन पाइप म्हटलंय. त्याच्या पुढचा तुकडा ग्राहकाचा. पहिला तुकडा कुठे संपतो हे मात्र तिथे एका वाक्यात ठरवलेलं नाही. ते परिस्थितीप्रमाणे बदलतं. कुठे मीटरपर्यंत संस्थेचा, कुठे हद्दीच्या भिंतीपर्यंत, आणि कुठे फेरूलपासूनच सगळा पाइप ग्राहकाच्या गळ्यात, म्हणजे रस्त्याखालचासुद्धा. त्यामुळे खात्याचा माणूस तोंडी काय म्हणाला यावर जाऊ नका. नळजोडणी मंजूर झाली तेव्हाचं पत्र आणि त्यावरच्या अटी घरमालकांकडे असतील. नसतील तर अर्ज करून प्रत मागा. तुमच्या बाबतीत गळती मीटरच्या पुढे असेल तर तो माणूस बहुधा बरोबरच बोलला. मीटरच्या अलीकडे निघाली तर तक्रार लेखी द्या आणि तिचा क्रमांक जपून ठेवा.

आता शेजाऱ्यांचं अंगण. जमीन दुसऱ्याची, पाइप आपला, म्हणून माणसं घाबरतात. पण या प्रसंगाचं उत्तर 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून वाट किंवा पाणी नेण्यासारख्या हक्कांच्या कायद्यात, जवळजवळ शब्दशः आहे. कलम 24 खालचं उदाहरणच असं: ‘क’ला ‘ख’च्या जमिनीतून आपल्या हौदाकडे पाइप नेण्याचा हक्क आहे, तर पाइप दुरुस्त करण्यासाठी ‘क’ त्या जमिनीत जाऊन खणू शकतो, पण जमिनीचा वरचा भाग त्याला पूर्ववत करून द्यावा लागतो. त्याच कलमात असंही आहे की शेजाऱ्याला कमीत कमी त्रास होईल अशा वेळी आणि अशा रीतीने हे काम करायचं. कलम 25 सांगतं की असा हक्क चालू ठेवण्यासाठी लागणाऱ्या दुरुस्तीचा खर्च हक्क असणाऱ्याचाच. आणि कलम 26: पाइपासारख्या बांधलेल्या सोयीची दुरुस्ती न केल्यामुळे शेजाऱ्याच्या जमिनीचं नुकसान झालं, तर भरपाईही हक्क असणाऱ्यानेच द्यायची.

तुमच्या प्रकरणात हे तसंच्या तसं लागू होतं. शेजारी खणायला नाही म्हणू शकत नाहीत. घरमालक फरशांची जबाबदारी झटकू शकत नाहीत. खचलेली फरशी कलम 26 खाली येते आणि खणताना निघणाऱ्या फरशा कलम 24 खाली. दोन्ही खर्च घरमालकांचेच, कारण हक्क त्यांच्या घराचा आहे, भाडेकरूचा नाही.

यात एक अट आहे. पाइप नेण्याचा खरोखर हक्क असायला हवा, नुसती तोंडी परवानगी नको. हक्क खरेदीखतात लिहिलेला असू शकतो. पूर्वी दोन्ही घरं एकाच मालकाची होती आणि वाटणीत वेगळी झाली, त्यातूनही तो येऊ शकतो. 20 वर्षं उघडपणे, हक्काने आणि अखंड वापर झाला असेल तर त्यानेही तो मिळू शकतो. यांतलं काहीच नसेल आणि जुन्या मैत्रीखातर पाइप टाकू दिला असेल, तर शेजाऱ्यांचं पारडं जड होतं. अशा वेळी मी घरमालकांना एकच सांगतो: वाद वाढवू नका, पाइप स्वतःच्या हद्दीतून नव्याने टाकायला किती खर्च येईल ते आधी काढा. बऱ्याचदा तो भांडणापेक्षा कमी निघतो.

भाडेकरू म्हणून तुमची बाजू काय? जमिनीतला पाइप हा घराचाच भाग, तो तुम्ही आणलेला नाही आणि जाताना नेणारही नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 प्रमाणे घर राहण्याजोगं, दुरुस्तीत ठेवणं घरमालकाचं कर्तव्य आहे. भाडेकरूने किमान 15 दिवसांची लेखी नोटीस देऊनही वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू स्वतः ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त होता कामा नये. सध्या बहुतेक जण अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर राहतात. त्यांना हे कलम सरळ लागू होत नाही, तिथे करारातली दुरुस्तीची ओळ बघावी लागते. ती ओळ बहुधा अशी असते: किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याची, मोठी किंवा बांधकामाशी निगडित मालकाची. जमिनीतल्या पाइपाला किरकोळ म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

म्हणून पत्र आजच द्या. व्हॉट्सॲपवर सांगितलं असेल तरी कागदावर द्या, दुसऱ्या प्रतीवर सही घ्या किंवा पोस्टाने पाठवा. मीटरचे फोटो जोडा. तीन आठवडे झाले आहेत, आणि त्यातलं कधी कळवलं, कुणाला कळवलं, हे उद्या तुमच्याच कामी येणार आहे.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. खोदकाम झाल्यावर प्लंबर पाइपाचा खराब तुकडा कापतो, नवा जोडतो आणि जुना तुकडा मातीत किंवा कचऱ्यात जातो. तो जाऊ देऊ नका. पाइप का फुटला, आणि त्यामुळे पैसे कोणी द्यायचे, हे त्या तुकड्यावरूनच ठरतं. कापण्याआधी पाइप चरात आहे तसाच, खालच्या मातीसकट फोटोत घ्या. मग तुकडा धुऊन हातात घ्या.

जीआयचा, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप असेल तर आधी जोडाजवळ बघा. आटे पाडताना जस्ताचा थर कापला जातो आणि उघडं लोखंड तिथेच सडायला लागतं. बाकी पाइप चांगला दिसतो, पण आट्यांवर तांबूस पोपडे असतात आणि नखाने टोकरलं तरी कण पडतात. हे वयाचं दुखणं. यात दोष कुणाचाच नाही, म्हणून खर्च मालकाचा. पितळी कॉकला लागूनच लोखंड जास्त खाल्लेलं असेल तर दोन वेगवेगळ्या धातूंच्या संगतीने ते लवकर गंजलंय.

प्लास्टिकचा पाइप वेगळं बोलतो. पीव्हीसी पाइपाला खालून एकाच जागी टोकदार दगडाची खळी आणि तिथूनच लांबट भेग निघाली असेल, तर पाइप टाकताना चरात वाळूची गादी घातली नव्हती. जोड निसटला असेल तर सॉकेटच्या आत बोट फिरवा. सोल्युशनचा, म्हणजे पाइप चिकटवायच्या द्रवाचा, थर अर्ध्याच खोलीपर्यंत लागलेला दिसला, तर पाइप पूर्ण आत ढकललाच नव्हता. हे टाकणाऱ्याचं काम. काम अलीकडे झालं असेल तर त्याच्याकडून वसूल करायला हवं. नव्या बांधकामात तर ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत कामाच्या दर्जातला असा दोष निदर्शनास आणला, तर रेरा, म्हणजे 2016 च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे बिल्डरने तो 30 दिवसांत विनाखर्च दुरुस्त करून द्यायचा असतो.

आणि तिसरा प्रकार. पाइपाला वरून मार बसलेला. काही वर्षांपूर्वी एका अंगणात असाच पाइप काढला. भेगेच्या दोन बोटं अलीकडे वरच्या बाजूला एक चकचकीत चीर होती, पहारीच्या टोकाएवढी रुंद. पाइपाच्या इतर भागावर वर्षानुवर्षांची माती घट्ट बसलेली आणि एवढी चीर तेवढी स्वच्छ. वर पाहिलं तर कुंपणाचा खांब, बरोबर त्या जागेवर. त्या घराने आठ महिन्यांपूर्वी कुंपण घातलं होतं. पहार लागली तेव्हा पाइप फुटला नव्हता, नुसता दुखावला होता. दाब येत-जात राहिला, भेग वाढत गेली. तोपर्यंत पाइपाचे मालक आणि शेजारी दोघंही ‘तुमचाच पाइप जुना’ आणि ‘तुमच्याच झाडाच्या मुळ्या’ यावर भांडत होते. तुकडा मी दोघांसमोर टेबलावर ठेवला. शेजाऱ्यांनी तो हातात घेतला, चिरीवरून अंगठा फिरवला आणि खर्च देतो म्हणाले. एवढं सरळ दर वेळी होत नाही हे मान्य. पण तुकडा नसता तर त्या दिवशीही झालं नसतं.

असा मार बसलेला असेल तर ज्याने मारला त्याच्याकडे खर्च जातो, मग तो शेजारी असो, केबल टाकणारा असो की रस्ता खणणारा. पण त्याने किती द्यायचं? त्याने एका जागी पाइप फोडला, म्हणून तीस वर्षं जुनी सगळी लाइन त्याच्या पैशाने नवी करून मागणं मला पटत नाही. फुटलेली जागा, तिचं खोदकाम, तिची भरणी आणि त्या फुटीने वाया गेलेलं पाणी, एवढं त्याचं. त्या निमित्ताने मालकांनी पूर्ण लाइन बदलली तर वरचा खर्च मालकांचा.

जादा बिलाचं बोलू. बिल मीटरच्या आकड्यावर निघतं आणि मीटरमधून पाणी गेलेलं असतं, त्यामुळे पुरवठा करणारी संस्था ते मागणारच. काही ठिकाणी गळती दुरुस्त केल्याचा पुरावा दिला की जादा रकमेत सूट मिळते, म्हणून अर्ज जरूर करा. अर्जासोबत दुरुस्तीची पावती, आधीच्या चार-पाच बिलांच्या प्रती आणि दुरुस्तीनंतरच्या आठवड्याभराची मीटरची नोंद जोडा. सूट मिळाली नाही तर वाटणीचा माझा ठोकताळा असा आहे: नेहमीची सरासरी तुमची, गळती कळायच्या आधीचा जादा भाग आणि कळवल्यानंतरचा भाग मालकांचा, तुम्हाला कळूनही तुम्ही कळवलं नाही, तेवढ्या दिवसांचा तुमचा. हा कायदा नाही, पण अनेक ठिकाणी दोन्ही बाजूंनी हे मान्य केलंय.

विम्याबद्दल थोडंच. घराचा विमा असेल तर टाकी किंवा पाइप अचानक फुटून झालेलं नुकसान बहुधा त्यात धरलेलं असतं. हळूहळू झिरपून आलेली ओल बहुधा नसते. पाइप दुरुस्त करायचा खर्चही सहसा मिळत नाही, मिळतं ते पाण्याने खराब झालेल्या वस्तूंचं आणि बांधकामाचं. पॉलिसी घरमालकांकडे असेल तर खोदकामाआधी त्यांना कंपनीला कळवायला सांगा.

शेजाऱ्यांशी बोलणं घरमालकांनीच करायला हवं, पण मध्ये तुम्ही राहता, म्हणून एक कागद तयार ठेवा. त्यावर कोणत्या तारखेला खणणार, चर किती लांब आणि किती खोल, फरशा कोण काढणार, त्या एकमेकींवर रचून सावलीत ठेवणार, माती थराथराने पाणी मारून ठोकून भरणार, फरशा कोणत्या दिवशीपर्यंत बसवून देणार, आणि नंतर भराव दबून एखादी खचली तर ती पुन्हा कोण बसवणार, हे लिहा. शेवटची अट शेजाऱ्यांना सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि रास्तच आहे, कारण नुकताच भरलेला चर पहिल्या पावसात हमखास बसतो. ती अट मालकांनी आपणहून लिहून दिली की शेजारी फाटक उघडतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

चर बुजवण्याआधी नव्या जोडावर पूर्ण दाबाने पाणी सोडा आणि निदान अर्धा तास तो उघडा ठेवून जोडाखालची वाळू कोरडी राहते का बघा. त्या वेळी घरातले नळ बंद ठेवून मीटरची तांबडी चकतीही पुन्हा एकदा बघा. ती स्थिर असेल तरच प्लंबरला पैसे द्या आणि माती लोटायला सांगा.